देवराईतलं झाड वर्षाला किती वाढतं: पट्टा, पर्जन्यमापक आणि वही

कोकणात झाडाची वाढ आणि हवामान यांचं नातं तपासायचं तर आधी झाड कुठलं घ्यायचं ते ठरवावं लागतं. बांधावरच्या ऐनाची, डोंगरावरच्या किंजळीची दर काही वर्षांनी कवळतोड होते, कारण भाताची दाढ (रोपांची जागा) भाजायला टहाळ (पानांसकट फांद्या) लागतो. फांद्या गेलेलं झाड पुढचे हंगाम पानं परत उभी करण्यात घालवतं आणि खोड जाड करायचं काम मागे पडतं. त्या वर्षी वाढ कमी झाली ती पाऊस ओढला म्हणून की कोयता लागला म्हणून, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. सागाच्या लागवडीत उलटा घोटाळा होतो: विरळणी झाली की उरलेली झाडं भराभर जाड होतात आणि श्रेय पावसाला मिळतं. राखलेल्या देवराईत हे दोन्ही टळतं. युरोपात हवामानाचा माग काढणारे लोक कधीच न तोडलेल्या, जुन्या स्प्रूसच्या (थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड) जंगलात जातात तेही याचसाठी.

स्प्रूसचं काम मात्र आपल्यापेक्षा सोपं. तिथे थंडीत खोडाची वाढ पूर्ण थांबते. वसंतात फिकट, मोठ्या पेशींचं लाकूड तयार होतं, उन्हाळा सरताना गडद आणि दाट. दर वर्षाला एक वलय. पोकळ गिरमिटाने पाचेक मिलिमीटर जाडीची कांडी काढली की जुन्या झाडाचा दोन-दोनशे वर्षांचा हिशेब मिळतो. त्या हिशेबातून कळलेली एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे. डोंगरात वर, झाडं जिथे संपतात तिथे, गरम उन्हाळ्यात स्प्रूसचं वलय रुंद येतं. खालच्या कोरड्या मुलखात तशाच गरम उन्हाळ्यात त्याच जातीचं वलय अरुंद येतं. झाडाला ज्या गोष्टीची टंचाई, तीच गोष्ट वाढ ठरवते. कोकणात ती टंचाई कशाची, हे शोधण्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप.

जांभूळ, सुरंगी, नागकेशर यांच्या लाकडात वलयं एकतर नीट दिसत नाहीत, नाहीतर दिसली तरी एक वलय म्हणजे एक वर्ष असा भरवसा नसतो. साग त्याला अपवाद, त्याच्याबद्दल शेवटी. शिवाय देवाच्या झाडाला गिरमिट लावणं गावात चालणार नाही, आणि चालू नये. आपल्या दमट हवेत त्या भोकातून बुरशी आत शिरते. म्हणून इथे मोजणी बाहेरून, खोडाला पट्टा घालून.

आधी गाव, मग झाड

जमीन कुणाच्या नावे आहे ते सात-बाऱ्यावर बघून घ्या. बऱ्याच देवराया महसूल खात्याकडे सरकारी जमीन म्हणून नोंदलेल्या असतात, काही देवस्थानाच्या, काही खाजगी. पण कागद कुणाचाही असला तरी गावकर, मानकरी आणि गुरव यांनी होकार दिल्याशिवाय काम टिकत नाही. गाऱ्हाणं घालून कौल घ्यायची पद्धत असेल तर तो लागेपर्यंत थांबा. खिळा मारणार नाही, फांदी तोडणार नाही, पट्टा कधीही सोडून काढता येईल, हे आधीच सांगा आणि एक पट्टा हातात देऊन दाखवा. चपला कुठे काढायच्या, कुठल्या दिवशी आत जायचं नाही आणि कुठल्या झाडाला शिवायचं नाही, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पट्टे वाचायला गावातलीच दोन माणसं तयार झाली तर सर्वांत उत्तम. पावसात पऱ्ह्याला (ओढ्याला) पाणी आलं की बाहेरचा माणूस पोचत नाही, आणि नेमका तोच हंगाम महत्त्वाचा.

एक-दोन एकरांच्या देवराईत तीस ते चाळीस झाडं पुरतात. तीन किंवा चार जाती निवडा आणि प्रत्येकीची आठ-दहा झाडं घ्या. पंधरा जातींची दोन-दोन झाडं घेतलीत तर हातात काहीच लागणार नाही. जातींमध्ये पानगळ होणाऱ्या (ऐन, किंजळ) आणि सदाहरित (जांभूळ, सुरंगी, नागकेशर) अशा दोन्ही असाव्यात, कारण कोरडे महिने काढायच्या त्यांच्या रीती वेगळ्या आहेत. प्रत्येक जातीत बारीक, मध्यम आणि म्हाताऱ्या घेराची झाडं मिसळून घ्या. फक्त भव्य झाडं निवडायचा मोह होतो. म्हातारी झाडं सावकाश वाढतात आणि सगळा आकडा खाली खेचतात.

पोकळ खोड, वडा-पिंपळाने कवळा घातलेलं झाड, गारंबीच्या वेलाने आवळलेलं झाड टाळा. नाणा या झाडाची साल पापुद्र्यांनी गळत राहते, त्यामुळे पट्टा दर पावसाळ्यानंतर सैल पडतो. तीही टाळलेली बरी. ऐनाची साल जाड आणि चिरांची असते, पण चालते. घेर ३० सें.मी.पेक्षा कमी असेल तर पट्टा नीट बसत नाही.

आत जाण्याआधी हेही सांगायला हवं. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, म्हणून झाड ओळखता येत नसेल तर सालीला हात लावू नका. खाजकुयलीच्या शेंगा थंडीच्या दिवसांत वाळतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. पालापाचोळ्यात फुरसं असतं, त्याच्यासाठी काठी आणि घोट्याच्या वरपर्यंतचे बूट. देवराईत चपला चालत नसतील तर जाड मोजे तरी चालतील का ते विचारा. दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून पसरतो आणि धोका कोरड्या महिन्यांत जास्त असतो. त्या भागात मेलेलं माकड दिसलं तर काम थांबवून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

पट्टा कुठे बसवायचा

आपल्या वनखात्याची छातीची उंची म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटर, परदेशी नोंदींत ती १.३० असते. कुठलीही घ्या, पण एकच, आणि वहीत लिहून ठेवा. तेवढ्या लांबीची सरळ काठी कापून घेतली की दर वेळी टेप उलगडावा लागत नाही. उतारावर काठी झाडाच्या वरच्या अंगाला टेकवायची. झाड कललेलं असेल तर उंची खोडाच्या रेषेने मोजायची आणि पट्टा खोडाच्या आसाला काटकोनात ठेवायचा, जमिनीला समांतर नव्हे. काटेसावरीसारखी आधारमुळं फाकलेली असतील तर ती जिथे संपतात तिथून ५० सें.मी. वर जा. त्या जागी गाठ, जखम किंवा फांदीचा फुगवटा आला तर दहा-वीस सें.मी. सरका आणि नेमकी किती उंची झाली ते त्या झाडापुढे लिहा.

नुसत्या टेपने दर वर्षी घेर घेतला तर काम होईल का? हवामानासाठी होत नाही. टेपच्या वाचनात दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे होतातच, आणि जुन्या झाडाचा घेर कधीकधी वर्षाला तेवढाच वाढतो. टेप फक्त सुरुवातीचा घेर घ्यायला आणि पाच वर्षांनी पडताळायला. तोही कापडी नको, ताणतो. फायबरग्लासचा किंवा स्टीलचा घ्या.

पट्टा बनवणं

सामान असं: १२ मि.मी. रुंद, ०.२ ते ०.२५ मि.मी. जाड स्टेनलेस स्टीलची पट्टी. स्टेनलेसचीच ताणाची स्प्रिंग, मोकळी असताना साधारण १० सें.मी. लांब, पत्रा कापायची कात्री, भोक पाडायचा पंच, बारीक कानस, चामड्याचे हातमोजे, १५० मि.मी.चा डिजिटल व्हर्निअर कॅलिपर. गॅल्व्हनाइज्ड पट्टी स्वस्त पडते, पण खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते आणि गंजलेली पट्टी कडीत अडकते. खाडीच्या किंवा समुद्राच्या अगदी जवळ ३०४ नंबरच्या स्टेनलेसवरही तपकिरी ठिपके येतात. तिथे निदान स्प्रिंग तरी ३१६ची घ्या, कारण आधी तीच तुटते.

पट्टीची लांबी म्हणजे झाडाचा घेर अधिक १५ सें.मी. कापलेल्या कडा कानसून घ्या, नाहीतर बोटं कापतील. पट्टीच्या एका टोकाला कडी बसवायची: त्याच पट्टीचा ६ सें.मी.चा तुकडा टोकाभोवती गुंडाळून असा वाकवा की मूळ पट्टीवरून दुसरी पट्टी आरपार सरकेल, आणि टोकाचा सेंटिमीटरभर भाग दुमडून कडी निसटणार नाही असं करा. कडीपासून पट्टीवर २० सें.मी. मोजून एक भोक पाडा. दुसऱ्या, मोकळ्या टोकाला टोकापासून १ सें.मी.वर दुसरं भोक.

आता झाडाशी. साल हाताने किंवा नारळाच्या काथ्याच्या ब्रशने हलकी झाडा. सुटे पापुद्रे, शेवाळ, वाळवीची माती जाऊ द्या, पण कोयत्याने खरवडू नका. वेल पट्ट्याखाली येत असेल तर तो कापायचा नाही, बाजूला करायचा. पट्टी खोडाभोवती फिरवून मोकळं टोक कडीतून घाला, हाताने घट्ट ओढा आणि टोक कडीच्या पुढे ८ सें.मी. येईल असं बघा. कडी गाठी, शिरा, खोलगट जागा यांवर न येता सपाट भागावर यावी. कडीच्या अलीकडे, म्हणजे मोकळी पट्टी कडीत शिरते त्या बाजूला, १२ मि.मी. अंतरावर मोकळ्या पट्टीवर रेघ मारा. पट्टी काढून त्या रेघेवर कडेला काटकोनात छोटी खाच कापा, परत बसवा. स्प्रिंगचं एक टोक मोकळ्या टोकाच्या भोकात, दुसरं वीस सेंटिमीटरवरच्या भोकात. स्प्रिंग दहावरून सुमारे तेरा सेंटिमीटरपर्यंत ताणली जाते. झाड जाड झालं की मोकळं टोक कडीतून मागे सरकतं आणि खाच कडीपासून दूर जाते. खाच ते कडीची कड हे अंतर म्हणजे आपली खिडकी. मोजायचं एवढंच.

स्प्रिंग जास्त ताणून काही फायदा नाही. मऊ सालीत, उदाहरणार्थ सातविणीच्या, पट्टी रुतून बसते. कमी ताणली तर उन्हाळ्यात खोड आकसल्यावर पट्टा खाली घसरतो. झाडाचा नंबर पट्टीवरच टोकदार खिळ्याने कोरा, खोडावर रंग नको. पट्ट्याच्या वरच्या कडेला खडूची खूण केली की पट्टा घसरला का ते पुढच्या खेपेला कळतं, मात्र खडू पावसात धुऊन जातो, म्हणून जमिनीपासूनची उंचीही दर दोन-तीन महिन्यांनी काठीने तपासा. दाट झाडीखाली मोबाइलचं जीपीएस भरवशाचं नसतं. देवळाचा कोपरा किंवा एखादा मोठा जांभा धरून टेप आणि होकायंत्राने झाडांचा नकाशा काढा.

पट्टे नोव्हेंबर-डिसेंबरात बसवा. नवा पट्टा सालीवर नीट चिकटून बसायला काही महिने घेतो आणि तोवर तो खरी वाढ कमी दाखवतो. जूनपर्यंत तो स्थिरावलेला असतो. खिडकी सुरुवातीला १२ मि.मी. ठेवायचं कारणही हेच. मेपर्यंत खोड आकसतं, खिडकी अरुंद होते, आणि खाच कडीच्या आत गेली तर वाचता येत नाही.

वाचन

महिन्यातून एकदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पंधरा दिवसांनी. वेळ सकाळी सात ते नऊ, दर खेपेला तीच. ही अट पाळली नाही तर बाकी मेहनत वाया जाते. दिवस वर आला की पानं मुळांपेक्षा जास्त वेगाने पाणी घालवतात आणि खोड किंचित बारीक होतं. त्यातच स्टील उन्हाने लांबतं: १८८.५ सें.मी. घेराच्या झाडावरचा पट्टा १० अंश तापला तर सुमारे ०.३२ मि.मी. वाढतो आणि खिडकी तेवढी अरुंद दिसते. दोन्ही चुका एकाच बाजूला जातात, त्यामुळे एकमेकींना खोडतही नाहीत.

कॅलिपर दोनदा लावा, मधे पूर्ण उचलून. दोन वाचनांत ०.१० मि.मी.पेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्या. वाचण्याआधी पट्ट्यावर बोटाने दोन-तीन टिचक्या मारा म्हणजे कडीत अडकलेली पट्टी मोकळी होते. वहीत पेन्सिलने लिहायचं, शाई पावसात पसरते. झाडाचा नंबर, तारीख, वेळ, खिडकी, पानांची अवस्था (गळती, निष्पर्ण, कोवळी पालवी, पूर्ण पानं), आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि पुढे पस्तावतात. शेजारचं झाड पडून ऊन आत आलं, देवळाच्या जीर्णोद्धारात मुळावर चिरे रचले, जवळ चिरेखाण सुरू झाली, स्प्रिंग माकडांनी ओढली, कडीत मुंग्यांनी घर केलं: यातलं काहीही त्या झाडाचा आकडा वर्षभरासाठी बदलू शकतं.

आकडा मागच्यापेक्षा कमी आला तर तो चुकीचा समजून खोडू नका. फेब्रुवारी ते मे खोड खरोखर आकसतं. त्याच न्यायाने जूनच्या पहिल्या दहा-पंधरा दिवसांत खिडकी झपाट्याने रुंदावते, ती वाढ नसते. वाळलेली साल आणि लाकूड पाणी पिऊन फुगत असतं. यातला काही भाग वेगळा काढायला देवराईतल्या उभ्या वाळलेल्या झाडाला एक पट्टा घाला. ते झाड वाढणार नाही, त्यामुळे त्याची खिडकी जेवढी हलेल तेवढं निव्वळ भिजणं-सुकणं. जिवंत खोडाची सगळी फुगवट त्यात येत नाही, पण जूनच्या उडीला भुलायचं नाही एवढं तरी कळतं. वर्षाची वाढ काढताना भिजलेल्या खोडाची तुलना भिजलेल्याशीच करा: ऑक्टोबरचा पहिला आठवडा ते पुढच्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मे ते ऑक्टोबर असा हिशेब धरला तर फुगवट वाढीत मिसळते.

हिशेब सोपा. समजा घेर १८८.५ सें.मी., म्हणजे व्यास ६० सें.मी. खिडकी गेल्या ऑक्टोबरात १२.४० मि.मी. होती, यंदा १७.१२ आहे. घेरातली वाढ ४.७२ मि.मी., तिला ३.१४१६ने भागलं की व्यासातली वाढ १.५० मि.मी. बारीक आणि जाड झाडांची तुलना करायची तर व्यासापेक्षा छेदाचं क्षेत्रफळ बरं. व्यास ६०.०० चा ६०.१५ झाला म्हणजे क्षेत्र सुमारे १४ चौ.सें.मी. वाढलं. दीड मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण साठ सेंटिमीटरच्या खोडाभोवती तेवढं लाकूड चढलेलं असतं.

बारीक झाडांत एक छुपी चूक असते. पट्टी खोडाच्या गोलाईने वळते, कॅलिपर मात्र सरळ रेषेत मोजतो. ६० सें.मी. व्यासावर हा फरक नगण्य. पण १० सें.मी. व्यासाच्या झाडावर खिडकी ५० मि.मी. झाली की खरं अंतर ५२.३६ असतं, म्हणजे जवळजवळ अडीच मिलिमीटरची तूट. दुरुस्ती अशी: खिडकी भागिले व्यास, त्या संख्येचा व्यस्त साइन (कॅलक्युलेटरवर sin⁻¹) रेडियनमध्ये, गुणिले व्यास.

पाऊस मोजताना

गावाचा पाऊस गावातच मोजा. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापेक्षा आंबोलीत दुपटीहून अधिक पडतो, आणि मधल्या गावांचा आकडा कुठल्याही एका केंद्रावरून निघत नाही. बाजारात मिळणारी छोटी काचनळी कोकणात निरुपयोगी आहे, रात्रीत भरून वाहते. घरी बनवा: १६ सें.मी. तोंडाचं उभ्या कडेचं नरसाळं आणि खाली कॅन. तोंडाचं क्षेत्र २०१ चौ.सें.मी., म्हणजे १ मि.मी. पाऊस बरोबर २०.१ मि.लि. पाणी. पाच लिटरचा कॅन सुमारे २५० मि.मी.ला भरतो, आणि तेवढा पाऊस आपल्याकडे एका दिवसात पडू शकतो. मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी ९४४ मि.मी. पडला होता. निदान दहा लिटरचा कॅन ठेवा, तो ४९७ मि.मी.पर्यंत पुरतो, आणि मुसळधार दिवसांत संध्याकाळी एकदा जास्तीचं मोजून रिकामा करा.

नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सें.मी. वर आणि आडवी सपाट, भोवती गवत. कातळावर किंवा सिमेंटच्या खळ्यावर ठेवलं तर उडालेले शिंतोडे आत जातात. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर हवं, म्हणून हे देवराईत नव्हे तर बाहेरच्या मोकळ्या जागेत. दररोज सकाळी साडेआठला मोजा, हवामान खातं तेव्हाच मोजतं, आणि तो आकडा मोजल्या दिवसाच्या तारखेला लिहा. नरसाळ्याच्या तोंडात पान अडकणं ही नेहमीची खोड; बारीक जाळी बसवा आणि ती रोज बघा. मागच्या वर्षांचा अंदाज हवा तर कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर मंडळनिहाय पाऊस मिळतो, आणि किनाऱ्यावरच्या हर्णे, रत्नागिरी, वेंगुर्ले या केंद्रांच्या जुन्या नोंदी हवामान खात्याकडे आहेत.

कुठला आकडा कुठल्याशी जोडायचा

इथे सगळ्यात जास्त कागद फुकट जातो. लोक वर्षाचा एकूण पाऊस घेतात आणि वर्षाच्या वाढीशी जोडतात. कोकणात हे बहुधा निष्फळ ठरतं. तीन हजार मिलिमीटरमधला मोठा भाग जांभ्यावरून वाहून खाडीला मिळतो. झाडाला तो वापरताच येत नाही. जुलैत आणखी पाचशे पडला काय, न पडला काय, मुळाशी ओल होतीच. उलट त्या दिवसांत टंचाई असते ती उन्हाची, आठ-आठ दिवस ढग हटत नाहीत. पाण्याची टंचाई येते ती नंतर, आणि तेव्हा प्रश्न किती पडला हा नसून किती दिवस पडला नाही हा असतो.

म्हणून वर्ष जून ते मे धरा, जानेवारी ते डिसेंबर नव्हे, आणि प्रत्येक वर्षासाठी हे आकडे काढा. पावसाची सुरुवात: लागोपाठ तीन दिवसांत मिळून ५० मि.मी. झाला तो पहिला दिवस (ही मर्यादा आपण ठरवलेली आहे, वेगळी घेतलीत तरी चालेल, पण दर वर्षी तीच). परतीचा पाऊस: ऑक्टोबर-नोव्हेंबरची बेरीज. कोरड्या दिवसांची सर्वांत लांब सलग रांग, दिवस कोरडा म्हणजे २.५ मि.मी.पेक्षा कमी. एप्रिल-मेचे वळीव. आणि जून ते सप्टेंबरची बेरीज, निदान ती किती कमी उपयोगाची ते दिसायला. मग पानगळीच्या जाती आणि सदाहरित जाती वेगवेगळ्या ताडून बघा. दोन्हींची सरासरी एकत्र काढू नका. ऐन पानं टाकून मोकळा होतो, तर जांभळीला सगळा उन्हाळा हिरव्या पानांनिशी काढायचा असतो. नोव्हेंबरात पडलेला पाऊस दोघांच्या सारख्याच कामाचा असेल असं गृहीत धरायला आधार नाही.

प्रत्येक झाडाची वाढ त्याच्याच सरासरीने भागून घ्या, म्हणजे जोमदार झाड आणि रखडलेलं झाड एका मापात येतात. स्प्रूसवाले वयाचा परिणाम असाच काही करून वजा करतात. एक भूल मात्र हमखास होते: चाळीस झाडांचे पट्टे आहेत म्हणून चाळीस पुरावे आहेत असं वाटतं. चाळीसही झाडांवर पाऊस एकच पडला, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत ते एक वर्ष, एक ठिपका. पाच पावसाळे झाल्याशिवाय हवामानाबद्दल बोलू नये, आणि पाचानंतरही हात राखून. एका देवराईऐवजी किनारा, मधला पट्टा आणि सह्याद्रीचा पायथा अशा तीन गावांनी एकाच पद्धतीने मोजलं तर निकाल लवकर येतो, कारण तिन्हीकडे पाऊस वेगळा.

मागची वर्षं हवी असतील तर साग

साग पानं टाकून काही महिने थांबतो आणि नव्या हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ घालतो, त्यामुळे त्याची वलयं वाचता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वलयांवरून मान्सूनचा मागोवा घेतलेला आहे. त्यासाठी झाड तोडायचं नाही. वादळात पडलेलं, मालकीतलं, मालकाच्या संमतीने. पडल्याची तारीख माहीत असलेलं झाड सोन्यासारखं, कारण शेवटचं वलय कुठल्या वर्षाचं ते पक्कं ठरतं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी आलं, तेव्हा नवा हंगाम सुरूच व्हायचा होता. त्यात पडलेल्या सागाचं सर्वांत बाहेरचं पूर्ण वलय २०१९च्या पावसाळ्याचं. तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्यालगत गेलं, त्यातल्या झाडाचं २०२०चं. वळवाने लवकर पालवी फुटली असेल तर सालीलगत नव्या छिद्रांची एखादी ओळ दिसेल, तिला वलय म्हणून मोजू नका.

बुंध्याच्या फुगवट्याच्या वरून ५ सें.मी. जाडीची चकती कापा, सालीसकट, आणि सावलीत सावकाश वाळवा. उन्हात ती तडकते. पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, ४०० आणि ६०० या क्रमाने मारा. घाई करून मधला नंबर गाळला की ओरखडे छिद्रांसारखे दिसू लागतात. चार दिशांना रेघा आखून चौघींवर वेगवेगळं मोजा. पावसाळ्यात मोठा खंड पडला की साग मधेच खोटं वलय घालतो. ते ओळखायची खूण: त्याची सीमा पुसट असते, पुढे मोठ्या छिद्रांची सलग ओळ नसते आणि ते बहुधा पूर्ण गोल फिरत नाही. उलट, दबलेल्या झाडात एखाद्या वर्षाचं वलय काही बाजूंना गायब असतं. चार रेघांची संख्या जुळली नाही तर सरासरी काढू नका. दर दहाव्या वलयावरून बोट फिरवत एका रेघेवरून दुसरीवर जा, फरक कुठे पडतो ते सापडतं. मग दुसऱ्या झाडाची चकती शेजारी ठेवून ठळक अरुंद वलयं एकाच वर्षी येतात का ते पाहा. निदान आठ-दहा झाडांत जुळलं तरच तारखा खऱ्या. आणि ज्या सागाची मधे विरळणी झाली होती त्याची चकती बाजूला ठेवा.

पट्टा बदलताना

खिडकी ५० मि.मी.च्या आसपास गेली की स्प्रिंग जवळजवळ सतरा सेंटिमीटरपर्यंत ताणलेली असते, पट्टा बदला. जुना लगेच काढू नका. नवा दोन बोटं वर किंवा खाली बसवा आणि एक पूर्ण पावसाळा दोन्ही वाचा. दोघांच्या वाढीत फरक निघाला तर त्या वर्षासाठी जुन्याचा आकडा धरा, नव्याचा पुढच्या ऑक्टोबरपासून. वही दर वाचनानंतर मोबाइलने फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि मूळ वही गावातच, शक्यतो देवस्थानाच्या पेटीत.